गाडीचं प्रदूषण कागदावर किती, रस्त्यावर किती?

युरोपात नव्या डिझेल मोटारीला दर किलोमीटरमागे 80 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा आहे. 80 मिलिग्रॅम म्हणजे तांदळाच्या तीन-चार दाण्यांचं वजन. तेवढंच अंतर कापताना गाडीच्या सायलेन्सरमधून साधारण किलोभर वायू बाहेर पडतो. किलोभर वायूत विरघळलेले हे तीन-चार दाणे मोजायचे, तेही गाडी धावत असताना, आणि दर सेकंदाला वायूचं प्रमाण, तापमान, वेग सगळंच बदलत असताना. हे काम किती अवघड आहे याचा अंदाज यावा म्हणून हा हिशेब आधी मांडला.

ही मर्यादा 2000 साली 500 मिलिग्रॅम होती. मग 250, मग 180 आणि 2014 पासून 80. चौदा वर्षांत सहापट उतरण. शहरांतल्या रस्त्यांकडेला हवा तपासणारी यंत्रं मात्र वेगळंच सांगत राहिली. तिथलं नायट्रोजन डायऑक्साइड त्या मानाने फारसं उतरतच नव्हतं. गाड्या नव्या आल्या, प्रमाणपत्रं नवी आली, पण रस्त्याकडेने चालणाऱ्या माणसाच्या नाकात जाणाऱ्या हवेत तसा फरक पडेना. कुठे तरी पाणी मुरत होतं, आणि ते मुरत होतं मोजण्याच्या पद्धतीत.

धुरात असतं काय?

पेट्रोल काय, डिझेल काय, दोन्हींत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. ते पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते. अर्धवट जळलं तर कार्बन मोनॉक्साइड, न जळलेल्या इंधनाची वाफ आणि काजळीचे बारीक कण उरतात.

नायट्रोजन ऑक्साइडची गोष्ट वेगळी आहे. ते इंधनातून येत नाही, हवेतून येतं. हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो आणि एरवी तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंजिनाच्या आत जळण्याचं तापमान फार वाढलं की तोही ऑक्सिजनशी जोडला जातो आणि दोन वायू तयार होतात, नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड. या जोडीला मिळून 'नॉक्स' म्हणतात. पुढे मीही तोच शब्द वापरतो. दम्याच्या रुग्णाचा श्वास कोंडायला हाच कारण होतो, उन्हात यातूनच जमिनीलगतचा ओझोन तयार होतो, आणि हवेतल्या अमोनियाशी संयोग होऊन अतिसूक्ष्म कणही बनतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली नायट्रोजन डायऑक्साइडची सुरक्षित वार्षिक पातळी घनमीटरमागे 40 मायक्रोग्रॅमवरून थेट 10 वर आणली, यावरून त्याचं गांभीर्य कळावं.

सायलेन्सरच्या तोंडाशी नॉक्स डोळ्यांना दिसत नाही. काळा धूर दिसला की आपण नाक दाबतो. पुढची गाडी काहीच सोडत नाही असं वाटलं की काच खाली घेतो. डोळ्यांवर विसंबून चालत नाही, म्हणून यंत्र लागतं.

हा वायू बाहेर पडण्याआधी साफ करण्याची सोय आजच्या गाडीत असते. पेट्रोल गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि बऱ्याच गाड्यांत युरियाचं द्रावण फवारून नॉक्सचं पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करणारी यंत्रणा असते. या सगळ्यांना दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे उष्णता. साधारण दोनशे-अडीचशे अंशांच्या खाली यांचं काम जवळपास ठप्प असतं. दुसरी म्हणजे खर्च. युरिया संपतो, थोडं जास्त इंधन जळतं, भागांची झीज होते. सफाई जरा कमी केली तर गाडी जास्त मायलेज देते, युरियाची टाकी जास्त दिवस पुरते, आणि गिऱ्हाईक खूश राहतं. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ या मोहात आहे.

रोलरवर धावणारी गाडी

नव्या मॉडेलला मान्यता देताना गाडी प्रयोगशाळेत नेतात आणि तिची चाकं मोठ्या रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, रोलर फिरतो, गाडी जागच्या जागी. समोर पडद्यावर वेगाची रेघ सरकत असते आणि प्रशिक्षित चालक अ‍ॅक्सिलरेटर सांभाळत त्या रेघेवरून काटेकोरपणे गाडी 'चालवतो'. सायलेन्सरला लावलेल्या रुंद नळीतून सगळा वायू ओढून घेतात, मोजून हवा मिसळून तो पातळ करतात आणि त्यातला ठरावीक वाटा पिशव्यांत भरतात. शेवटी पिशवीतल्या वायूची तपासणी होते. खोलीचं तापमान ठरलेलं, आर्द्रतेवर नियंत्रण, वारा पंख्याचा.

2017 पर्यंत युरोपात वापरलेलं वेगाचं चक्र 1,180 सेकंदांचं होतं. अंतर जेमतेम 11 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 34 च्या आसपास. त्यात शून्यापासून 50 पर्यंत पोचायला 26 सेकंद दिलेले. मागचा हॉर्न वाजवून हैराण करेल अशी ही चाल. भारतातली चाचणीही बराच काळ याच चक्रावर बेतलेली होती, फक्त कमाल वेग 120 ऐवजी 90 ठेवला होता. एसी बंद, चढ नाही, मागच्या सीटवर माणसं नाहीत.

प्रयोगशाळा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना सारखीच परिस्थिती हवी, आणि ती रस्त्यावर कधीच मिळत नाही. पण ही चाचणी म्हणजे दवाखान्यात पलंगावर स्वस्थ पडून काढलेला ईसीजी. उपयोगाचा असतो, पण जिने चढताना, धावताना, चिडल्यावर हृदय काय करतं ते तो सांगत नाही. म्हणून डॉक्टर कधी कधी छातीला यंत्र बांधून रुग्णाला दिवसभरासाठी घरी पाठवतात. मोटारींना असं यंत्र बांधायला जगाला फार वेळ लागला.

चाचणी चालू आहे हे गाडीला कळतं कसं?

चाचणीचं वेळापत्रक सर्वांना माहीत असेल तर गाडीच्या संगणकालाही ते माहीत करून देता येतं. हा प्रकार नवा नाही. 1991 ते 1995 दरम्यानच्या जनरल मोटर्सच्या सुमारे 4 लाख 70 हजार कॅडिलॅक गाड्यांत एसी चालू केला की इंजिनाला जास्त इंधन मिळत असे आणि कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या तिपटीपर्यंत जात असे. चाचणीत एसी बंद असल्याने ते कधी दिसलंच नाही. अमेरिकी सरकारने 1995 साली जनरल मोटर्सशी सुमारे साडेचार कोटी डॉलरची तडजोड केली. 1998 साली ट्रकची इंजिनं बनवणाऱ्या सात कंपन्या सापडल्या. महामार्गावर एकसारख्या वेगात ट्रक चालू लागला की त्यांचं सॉफ्टवेअर इंधन वाचवायच्या मागे लागायचं आणि नॉक्स वाढू द्यायचं. त्या प्रकरणात जी तडजोड झाली तिच्यात, ट्रक रस्त्यावर चालू असताना धूर मोजायचा, अशी अट आली. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने त्यासाठी वाहून नेता येईल असं उपकरण तयार केलं.

पंधरा वर्षांनी हाच अनुभव कामी आला. 'आयसीसीटी' या स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्थेला दाखवून द्यायचं होतं की अमेरिकेत डिझेल मोटारी नीट स्वच्छ चालतात, मग युरोपला का जमू नये? तिने याच विद्यापीठाला तीन गाड्या रस्त्यावर मोजायला सांगितल्या. डॅन कार्डर यांच्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीय अभियंतेही होते. गाड्यांच्या मागच्या भागात यंत्रं ठासून भरली, वीज पुरवायला जनरेटर लावला आणि कॅलिफोर्नियातले रस्ते पालथे घातले. फोक्सवॅगन पसाट तर लॉस एंजेलिसहून सिअ‍ॅटलपर्यंत नेऊन परत आणली.

2014 च्या मे महिन्यात आलेल्या अहवालातले आकडे असे. फोक्सवॅगनच्याच जेटा गाडीचा नॉक्स मर्यादेच्या 15 ते 35 पट, पसाटचा 5 ते 20 पट. तिसरी गाडी बीएमडब्ल्यूची, ती बहुतेक रस्त्यांवर मर्यादेत राहिली. हीच तिसरी गाडी फार महत्त्वाची होती. तिने सिद्ध केलं की यंत्र बरोबर मोजत आहे आणि डिझेल गाडी स्वच्छ चालवणं शक्यही आहे. शिवाय त्याच जेटा आणि पसाट कॅलिफोर्नियाच्या सरकारी प्रयोगशाळेत रोलरवर चढवल्या तेव्हा पास झाल्या होत्या. गाडी तीच, इंजिन तेच.

उत्तर बाहेर यायला आणखी सव्वा वर्ष गेलं. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी पिच्छा सोडला नाही, नव्या मॉडेलची मान्यता अडवायची तयारी दाखवली, आणि 18 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनला नोटीस दिली. सॉफ्टवेअर स्टिअरिंग किती फिरतंय, वेग कसा बदलतोय, इंजिन किती वेळ चालू आहे आणि हवेचा दाब किती आहे, यावरून चाचणी ओळखत होतं. रोलरवरच्या गाडीचं स्टिअरिंग कुणी वळवत नाही. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग सरळ, म्हणजे आपण प्रयोगशाळेत आहोत. लगेच पूर्ण सफाई चालू. चाचणी संपली की सफाई ढिली. जगभरात सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर होतं. काही गाड्यांत रस्त्यावरचा नॉक्स मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत गेला होता.

ही उघड फसवणूक होती. तिच्या जोडीला एक सभ्य दिसणारा प्रकारही होता. इंजिनाचं नुकसान टाळायचं कारण देऊन ठरावीक तापमानाच्या बाहेर सफाई कमी करायची. फोक्सवॅगनच्याच काही गाड्यांत ही यंत्रणा पूर्ण जोमाने चालायची ती बाहेर 15 ते 33 अंश असेल तेव्हाच. युरोपातलं बरंचसं वर्ष त्याहून थंड असतं. युरोपीय न्यायालयाने 2022 साली हे बेकायदा ठरवलं.

डिकीतली प्रयोगशाळा

छातीला बांधायच्या त्या यंत्राचं मोटारींसाठीचं रूप म्हणजे 'पेम्स', म्हणजे सोबत नेता येणारी उत्सर्जन मोजणी यंत्रणा. सायलेन्सरच्या तोंडाला घट्ट बसवलेली नळी, तिच्यातून जाणाऱ्या वायूचा प्रवाह मोजणारं यंत्र, डिकीत किंवा गाडीच्या मागे टांगलेली पेटी, छतावर जीपीएस आणि तापमान-आर्द्रता टिपणारा छोटा खांब, आणि या सगळ्याला पुरेल अशी वेगळी बॅटरी. गाडीची स्वतःची वीज वापरत नाहीत, कारण मग इंजिनावर ताण येऊन मोजमापच बिघडेल.

सायलेन्सरपासून पेटीपर्यंत जाणारी बारीक नळी तापवून ठेवावी लागते. धुरात पाण्याची भरपूर वाफ असते. नळी गार असेल तर वाफेचं पाणी होतं आणि नायट्रोजन डायऑक्साइड त्या पाण्यात विरघळतो. यंत्रापर्यंत तो पोचतच नाही आणि गाडी आहे त्यापेक्षा स्वच्छ दिसते. दुसरी अडचण वेळेची. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तो क्षण आणि त्या क्षणीचा वायू यंत्रात पोचला तो क्षण, यांत काही सेकंदांचं अंतर पडतं. प्रवाह आताचा आणि वायू मघाचा असा गुणाकार केला तर उत्तर चुकतं. म्हणून सगळ्या नोंदी मागेपुढे सरकवून एका रेषेत आणतात, मगच हिशेब करतात.

हिशेब साधा आहे. या सेकंदाला धुरात नॉक्सचं प्रमाण किती आणि याच सेकंदाला धूर किती बाहेर पडला, यांच्या गुणाकारातून त्या सेकंदाचा नॉक्स मिळतो. सगळ्या सेकंदांची बेरीज करून कापलेल्या किलोमीटरने भागलं की दर किलोमीटरचा आकडा हाती येतो. कणांचं मात्र वजन करत नाहीत, ते मोजतात. वजनाच्या दृष्टीने ते इतके क्षुल्लक असतात की तराजूला कळतच नाहीत, फुप्फुसाला कळतात. युरोपातली मर्यादा किलोमीटरमागे 6 वर अकरा शून्यं, म्हणजे 60,000 कोटी कण.

पण प्रत्येक प्रवास वेगळा, मग तुलना कशी करणार?

हा आक्षेप रास्त आहे. एकाने उतारावर सावकाश चालवली आणि दुसऱ्याने घाटात दामटली तर आकडे जुळणार नाहीत. म्हणून प्रवासाला चौकट घातली. युरोपच्या नियमात प्रवास दीड ते दोन तासांचा असतो. त्यात शहरातला, शहराबाहेरचा आणि महामार्गाचा असे तीन भाग, प्रत्येक किमान 16 किलोमीटरचा. फार नेभळट चालवली तरी चाचणी रद्द, फार आडदांडपणे चालवली तरी रद्द. या चौकटीच्या आत मात्र रस्ता कोणताही, वाहतूक कशीही, एसी चालू. सॉफ्टवेअरला आधीच ओळखता येईल असं ठरावीक चक्र नसतं, हेच या चाचणीचं बळ.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. धक्के खाणारं, ऊन-थंडी सोसणारं यंत्र प्रयोगशाळेएवढं अचूक नसतं, शिवाय त्याच्या वजनाने गाडीही जड होते. त्यासाठी मर्यादेवर सूट दिली. 2017 मध्ये नव्या मॉडेलांसाठी नॉक्सची रस्त्यावरची मर्यादा 2.1 पट ठेवली, म्हणजे 80 ऐवजी 168 मिलिग्रॅम. 2020 पासून ती 1.43 पट, म्हणजे 114. पहिल्या सूटीत कंपन्यांना तयारीसाठी दिलेली मुदतही मिसळलेली होती, आणि माझ्या मते ती फार सैल होती. यंत्राची चूक दुपटीएवढी कधीच नव्हती. पुढे उपकरणं सुधारली तशी सूट आणखी आवळली. चीन, दक्षिण कोरिया, जपान यांनीही रस्त्यावरची चाचणी स्वीकारली. भारतात 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक लागू झाल्यावर आधी नुसत्या नोंदी घेतल्या, आणि 1 एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांना ही चाचणी पार करणं सक्तीचं झालं.

सुरुवातीच्या युरोपीय नियमांत एक मोठं भोक राहून गेलं होतं. गार इंजिन सुरू केल्यावरची पहिली काही मिनिटं हिशेबात धरतच नव्हते. पेट्रोल गाडीचा कन्व्हर्टर तापेपर्यंत धूर जवळपास तसाच बाहेर पडतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत गाडीने सोडलेल्या कार्बन मोनॉक्साइडचा मोठा भाग पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतला असतो. आणि ही मिनिटं घरासमोर, गल्लीत, शाळेच्या फाटकाशी जातात. मुलांची नाकं सायलेन्सरच्या उंचीच्या जास्त जवळ असतात, म्हणून ही मिनिटं वगळणं मला फार खटकत आलं आहे. नंतरच्या दुरुस्तीत ती हिशेबात आली.

रस्त्याच्या कडेची प्रकाशाची रेघ

पेम्सने एका गाडीची कुंडली मांडता येते, पण दिवसात एक-दोनच गाड्या मोजून होतात. लाखो गाड्यांची झडती कशी घ्यायची? डेन्व्हर विद्यापीठात डोनाल्ड स्टेडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकाअखेर याची युक्ती शोधली. रस्त्याच्या एका कडेने पलीकडे अवरक्त प्रकाशाची रेघ सोडायची. गाडी तिच्यातून गेली की मागे उरलेला धुराचा पट्टा त्या प्रकाशाचा काही भाग शोषून घेतो. प्रत्येक वायू प्रकाशाचा आपापला ठरावीक भाग शोषतो, त्यावरून कोणता वायू आहे ते कळतं. नॉक्ससाठी पुढे अतिनील प्रकाशाची जोड दिली. सगळं काम अर्ध्या सेकंदात उरकतं. शेजारची यंत्रं गाडीचा वेग आणि ती वेग घेतेय की सोडतेय हे टिपतात, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, आणि नंबरवरून गाडीचं साल, इंधन आणि मानक कळतं.

धूर वाऱ्याने किती पसरला, किरण त्याच्या मधोमध गेला की कडेने, हे माहीत नसताना नॉक्सचा आकडा काढणार कसा? इथे शितावरून भाताची परीक्षा होते. धूर कितीही पातळ झाला तरी त्यातल्या नॉक्स आणि कार्बन डायऑक्साइडचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही. आणि कार्बन डायऑक्साइडवरून जळलेलं इंधन कळतं, कारण एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, हे रसायनशास्त्र ठरवतं. म्हणजे एका किलो इंधनामागे किती नॉक्स, हे थेट मिळतं.

जागा निवडण्यात कसब लागतं. सपाटीवर चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला असेल तर धूरच नसतो, मग मोजणार काय? म्हणून हलका चढ आणि एकच मार्गिका असलेली जागा शोधतात, म्हणजे इंजिन ओढत असतं आणि दोन गाड्यांचे धूर एकमेकांत मिसळत नाहीत. पाऊस, धुकं असलं तर दुकान बंद.

लंडन आणि पॅरिसमध्ये या पद्धतीने मोठ्या प्रमाणावर मोजणी झाली. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये 2022-23 च्या हंगामात एक लाखाहून अधिक नोंदी घेतल्या. त्यात बीएस-6 गाड्यांचा नॉक्स बीएस-4 पेक्षा खूप खाली आलेला दिसला, आणि सोबत हेही दिसलं की त्याच मानकाच्या टॅक्सी खासगी गाड्यांपेक्षा जास्त नॉक्स सोडतात. दिवसरात्र पळणाऱ्या गाडीचे भाग लवकर थकतात, आणि प्रयोगशाळेतली नवी कोरी गाडी हे सांगू शकत नाही.

अर्ध्या सेकंदावरून गाडीला दोषी ठरवायचं?

नाही, आणि तसं कुणी करूही नये. त्या क्षणी चालकाने गिअर बदलला असेल, इंजिन गार असेल. एका नोंदीवरून त्या गाडीबद्दल ठाम काही म्हणता येत नाही. पण एकाच मॉडेलच्या काही शे गाड्या जाऊ द्या, क्षणाक्षणाचे चढउतार एकमेकांना छेद देतात आणि त्या मॉडेलचा खरा स्वभाव उघडा पडतो. एखाद्या मॉडेलवर संशय आला की मग पेम्स लावून त्याची सविस्तर तपासणी करायची.

या पद्धतीने फार पूर्वीच एक गोष्ट दाखवून दिली होती. स्टेडमन यांच्या मोजण्यांत जवळपास निम्मा कार्बन मोनॉक्साइड सुमारे दहा टक्के गाड्यांतून येत होता. सगळ्यांना सारखाच जाच करण्यापेक्षा त्या दहा टक्क्यांना शोधून दुरुस्त करणं जास्त फायद्याचं.

दरवर्षीची तपासणी असतेच की!

भारतात जिला पीयूसी म्हणतात तशी नियमित तपासणी बऱ्याच देशांत असते. गाडी उभी असते, इंजिन नुसतं फुरफुरत असतं किंवा थोडं रेटलेलं असतं. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेली इंधनाची वाफ मोजतात, डिझेलचा धूर किती दाट आहे ते बघतात. नॉक्स मोजत नाहीत आणि मोजून फारसा उपयोगही नाही, कारण नॉक्स ताणाखाली तयार होतो. उभ्या गाडीच्या इंजिनाला ओढायला काही नसतं. धुराच्या दाटपणाचा मापकही जुन्या काळ्या धुरासाठी बनला आहे. फिल्टर असलेल्या गाडीचा धूर इतका स्वच्छ असतो की फिल्टरला तडा गेला तरी हा काटा जागचा हलत नाही.

कणांच्या बाबतीत यावर छान तोडगा निघाला आहे. फिल्टर फुटला किंवा कुणी काढून टाकला, तर उभ्या गाडीतूनही कणांची संख्या अनेकपटींनी उसळते. नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनी यांनी नियमित तपासणीत डिझेल गाड्यांसाठी कण मोजणारं यंत्र आणलं आहे. तपासणी मिनिटभराची असते आणि फिल्टर आहे की नाही, हे खोटं बोलता येणार नाही अशा रीतीने कळतं.

मायलेजचं काय?

कार्बन डायऑक्साइड विषारी नसला तरी तापमानवाढीसाठी आणि खिशासाठी तोच महत्त्वाचा, कारण तो थेट जळलेल्या इंधनाच्या प्रमाणात असतो. इथेही कागद आणि रस्ता यांची फारकत झाली. युरोपात 2001 साली हा फरक आठ-नऊ टक्के होता, 2017 पर्यंत चाळीसच्या घरात गेला. चाचणीआधी बॅटरी पूर्ण भरून ठेवणं, नियमांतल्या प्रत्येक मोकळीकीचा पुरेपूर फायदा घेणं, असे हे प्रकार होते. 2017 पासून जास्त लांबीचं, जास्त वेगाचं नवं चक्र आलं.

त्यानंतर सगळ्यात सोपा मार्ग निवडला, गाडीलाच विचारण्याचा. 2021 पासून युरोपातल्या नव्या मोटारींत किती इंधन जळलं आणि किती किलोमीटर झाले, याची नोंद कायम राहते. 2024 च्या मार्चमध्ये युरोपीय आयोगाने लाखो गाड्यांची आकडेवारी मांडली. पेट्रोल-डिझेल गाड्या प्रत्यक्षात कागदापेक्षा सुमारे 20 टक्के जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात. इंजिन आणि चार्जिंग दोन्ही असलेल्या प्लग-इन हायब्रिड गाड्या मात्र साडेतीन पट. या गाड्या लोक जितक्या वेळा चार्ज करतील असं गृहीत धरलं होतं, तितक्या करत नाहीत, एवढंच त्याचं कारण.

आपल्या प्रवासाची माहिती सरकारला का द्यायची, असा प्रश्न कुणालाही पडेल. या नोंदीत कुठे गेलात हे नसतं, फक्त एकूण इंधन आणि एकूण अंतर असतं, आणि मालक माहिती द्यायला नकार देऊ शकतो. हा हक्क ठेवला हे बरं झालं. त्यामुळेच लोक बिनधास्त माहिती देतील.

इलेक्ट्रिक गाड्यांनी प्रश्न मिटेल का?

सायलेन्सरचा मिटेल. ब्रेक आणि टायरचा मिटणार नाही. ब्रेक लावला की डिस्क आणि पॅड घासले जाऊन बारीक भुकटी उडते, तिच्यात लोह, तांबं असे धातू असतात. इलेक्ट्रिक गाडी मोटरचाच जनरेटर करून वेग कमी करते, त्यामुळे तिचे ब्रेक कमी झिजतात, पण ती जड असते. युरोपच्या 2024 साली मंजूर झालेल्या युरो-7 नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या कणांवर मर्यादा आली. किलोमीटरमागे इंजिनाच्या बहुतेक मोटारींना 7 मिलिग्रॅम, निव्वळ इलेक्ट्रिकला 3. नव्या मॉडेलांना हे 29 नोव्हेंबर 2026 पासून लागू होणार आहे. त्याच नियमांत सफाईची यंत्रणा ठीक चालते का, यावर गाडीनेच वापरभर नजर ठेवायची, अशीही तरतूद आहे.

ब्रेकची भुकटी मोजतात ती अशी. एक ब्रेक गाडीपासून वेगळा करून बंद पेटीत बसवतात आणि पेटीतून सतत स्वच्छ हवा खेळवतात. मग साडेचार तासांच्या आसपास तो ठरलेल्या क्रमाने 303 वेळा दाबतात आणि पेटीतून निघालेल्या हवेतले कण गोळा करतात. धावत्या गाडीच्या उघड्या चाकाभोवती वारा भुकटी चारी दिशांना उडवतो, ती सगळी पकडून मोजणारी रस्त्यावरची सक्तीची चाचणी अजून तरी नियमांत आलेली नाही.